दोन दिवसांत बार्सिलोना आणि सासूबाईंचं दिग्व्रत



लेकीकडून परत आल्यापासून कामथडीत जो भेटेल तो एकच विचारतो, "काय काय बघितलं?" लेक-जावई जर्मनीत म्युनिकला असतात. त्यांच्याकडे दीड महिना राहिले आणि मधेच एका शनिवार-रविवारी स्पेनमधलं बार्सिलोना बघून आलो. विमानाने दोन तासांचं अंतर. जून २०२५ चा तिसरा आठवडा होता. शुक्रवारी संध्याकाळी निघालो, रविवारी रात्री परत. दोन दिवसांत अकरा ठिकाणं झाली आणि फोटो चारशेच्या वर. विचारणाऱ्याला मी फोन काढून दाखवते, तोही खूश आणि मीही खूश.

सासूबाईंनीही सगळे फोटो बघितले. मग चष्मा काढून ठेवला आणि म्हणाल्या, "छान आहे गं. पण निघताना मर्यादा काय ठरवली होतीस?"

मला उत्तर देता आलं नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आपल्या श्रावकाच्या बारा व्रतांत दिग्व्रत आहे. दाही दिशांना आपण कुठवर जायचं याची सीमा जन्मभरासाठी ठरवून घ्यायची आणि ती ओलांडायची नाही. सीमा कशी घ्यायची तर सगळ्यांना ठाऊक असलेल्या खुणांनी, म्हणजे समुद्र, नदी, डोंगर, देश किंवा अमुक इतके योजन. माझ्या लग्नाला दोन वर्षं झाली होती तेव्हा सासूबाईंनी फलटणला चातुर्मासात महाराजांकडून हे व्रत घेतलं. उत्तरेला हस्तिनापूर, पूर्वेला सम्मेदशिखरजी, दक्षिणेला श्रवणबेळगोळ, पश्चिमेला गिरनार. एवढा त्यांचा चौकोन. लेकीने जर्मनीला यायचा किती आग्रह केला, त्यांनी हसून नाही म्हटलं. आम्ही घरातले आपापसांत म्हणायचो, आजींना विमानाची भीती वाटते म्हणून व्रताचं निमित्त पुढे करतात.

बार्सिलोनाच्या त्या दोन दिवसांनंतर मला तसं वाटत नाही. का, ते आज लिहिते.

आधी जेवणाचं सांगून टाकते, कारण तुम्ही पहिलं तेच विचाराल. डब्यात दशम्या, शेंगदाण्याची चटणी, खाकरे आणि मूगडाळीचे लाडू होते, म्हणून अडलं नाही. तिथे जागोजागी मिळतो तो तळलेला बटाटा आणि बटाटा-अंड्याचं ऑम्लेट, दोन्ही आपल्या कामाचं नाही. भाजलेल्या पावावर पिकलेला टोमॅटो घासून वर ऑलिव्हचं तेल आणि मीठ घालून देतात. तो मी खाल्ला, पण आधी सांगावं लागतं, नाहीतर पावाला लसणीची पाकळी घासून आणतात. बाजारचा पाव सासूबाईंना चालला नसता. मी प्रवासात चालवून घेतला, हे कबूल करते. एका ठिकाणी बदामाच्या दुधासारखं पांढरं थंडगार पेय बघून मी मोठ्या आनंदाने पेला हातात घेतला. लेकीने फोनवर बघितलं तर ते नागरमोथ्याच्या जातीच्या गवताच्या मुळाशी येणाऱ्या गाठींचं निघालं. म्हणजे कंदच. पेला जावयांना दिला.

सूर्यास्ताची मात्र गंमत झाली. बार्सिलोनात जूनमध्ये सूर्य साडेनऊच्या सुमारास मावळतो. स्पेन नकाशावर इंग्लंडच्या खाली आहे, पण १९४० पासून तिथलं घड्याळ जर्मनीच्या वेळेला लावलेलं आहे, म्हणून संध्याकाळ एवढी लांबते. तिथली हॉटेलं रात्रीचं जेवण साडेआठ-नऊशिवाय सुरूच करत नाहीत. आम्ही नऊला बसलो, सव्वानऊला उठलो, बाहेर अजून ऊन होतं. लेक म्हणाली, "आई, आयुष्यात पहिल्यांदा रात्री नऊला जेवलीस आणि नियमही मोडला नाही." व्रत सूर्याला बांधलेलं असतं, घड्याळाला नाही, हे मला तिथे नीट कळलं.

आता मुख्य गोष्ट.

तिथलं सगळ्यात मोठं आकर्षण म्हणजे साग्रादा फामिलिया हे चर्च. १८८२ साली बांधायला घेतलं. पुढच्या वर्षी ते आंतोनी गाउदी या वास्तुविशारदाकडे आलं आणि १९२६ मध्ये मरेपर्यंत तो त्यातच राहिला. ट्रामचा धक्का लागून गेला बिचारा, आणि अंगावरचे साधे कपडे बघून लोकांना वाटलं कोणी भिकारी आहे. त्याला तिथेच तळघरात पुरलं आहे. काम अजून चालू आहे. या चर्चच्या नावातच प्रायश्चित्त हा शब्द आहे. भक्तांच्या दानातून, पापाच्या क्षालनासाठी उभं राहायचं म्हणून ते मंदिर. हे लेकीने वाचून दाखवलं तेव्हा मी मनात हात जोडले. प्रायश्चित्त म्हणजे काय हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

आता तिथे वेळ ठरलेलं तिकीट काढून जावं लागतं आणि बांधकामाचा खर्च बराचसा त्या तिकिटांतूनच भागतो. पूर्वेकडच्या दाराशी दोन मोठे खांब आहेत. एका खांबाखाली समुद्रातलं कासव आहे, दुसऱ्याखाली जमिनीवरचं. आपले विसावे तीर्थंकर मुनिसुव्रतनाथ, त्यांचं लांछन कासव. हजारो मैल लांब, दुसऱ्याच धर्माच्या दारात, खांबाचा भार घेऊन बसलेलं कासव बघून मला भरून आलं. मला तिथे दहा मिनिटं नुसतं उभं राहायचं होतं. पण लेक म्हणाली, "आई, चल, आपली आतली वेळ होतेय." कासवाचा फोटो काढला आणि निघाले. आत झाडांसारखे उंच खांब आहेत आणि रंगीत काचांतून ऊन खाली येतं. एका कडेला दोन बायका डोळे मिटून बसल्या होत्या. आम्ही शेकडो जण त्यांच्या आजूबाजूला फोन उंच धरून फिरत होतो. त्यांनी डोळे उघडले नाहीत. मी मात्र फोन खाली घेतला. आपल्या बसदीत अभिषेक चालू असताना कोणी असं फिरलं तर मला काय वाटेल, हा विचार तेव्हा आला.

दुसऱ्या दिवशी पार्क ग्वेल. तेही गाउदीचंच. पूर्वी तो बगीचा सगळ्यांना खुला होता. २०१३ पासून मधल्या भागाला तिकीट आहे आणि एका वेळी ठरावीक माणसंच आत सोडतात. तिथल्या टेकडीवरच्या वस्तीत ११६ नंबरची छोटी बस जाते. पर्यटकांनी ती इतकी भरायला लागली की वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांना बाजारहाट करून वर जायला जागा मिळेना. शेवटी २०२४ मध्ये नगरपालिकेने ती बस गूगल मॅप्सवर दिसणारच नाही अशी व्यवस्था करून घेतली. लेक हे हसत सांगत होती. मला हसू आलं नाही. कारण आदल्या रात्रीचं माझ्या डोळ्यांपुढून जात नव्हतं.

आम्ही हॉटेलात नव्हतो उतरलो. मला स्वयंपाकाला ओटा हवा, म्हणून लेकीने एका जुन्या इमारतीत चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट दोन रात्रींसाठी घेतला होता. शुक्रवारी पोचेपर्यंत साडेअकरा वाजून गेले. लिफ्ट छोटी, म्हणून बॅगा जिन्याने नेल्या. चाकं प्रत्येक पायरीवर आपटत होती. तिसऱ्या मजल्यावरचं एक दार उघडलं. माझ्या सासूबाईंच्या वयाच्या एक आजी, झोपायच्या कपड्यांत, आमच्याकडे बघत उभ्या राहिल्या. रागावल्या नाहीत, बोलल्या नाहीत. आम्ही वर जाईपर्यंत बघितलं आणि दार लावून घेतलं. त्या बघण्यात राग असता तर मला सोपं गेलं असतं. त्यांना सवय झाली होती. दर शुक्रवारी कोणीतरी नवं, दर शुक्रवारी चाकं.

सकाळी खाली उतरताना मी लेकीला विचारलं, या इमारतीत राहतं तरी कोण? मग तिने सांगितलं. पर्यटकांना दोन-दोन दिवस भाड्याने दिले जाणारे परवानाधारक फ्लॅट त्या शहरात १०,१०१ आहेत. घरभाडी इतकी वाढली की तिथल्याच मुलामुलींना आईवडिलांच्या जवळ घर घेणं परवडेना. जून २०२४ मध्ये महापौरांनी जाहीर केलं की नोव्हेंबर २०२८ पर्यंत या सगळ्यांचे परवाने संपवायचे, नवे द्यायचे नाहीत. पुढच्याच महिन्यात तिथल्या लोकांनी मोर्चा काढला आणि हॉटेलांबाहेर बसलेल्या पर्यटकांवर मुलांच्या पिचकाऱ्यांतून पाणी उडवलं. आम्ही गेलो त्याच्या आधीच्याच रविवारी, १५ जूनला, पुन्हा तसा मोर्चा निघाला होता. भिंतींवर लिहिलेलंही दिसलं, पर्यटकांनो घरी जा.

मैत्रिणींनो, मी कामथडीची. पुणे-सातारा महामार्गालगतचं आमचं गाव. शनिवार-रविवार म्हणजे काय ते मला बार्सिलोनाने शिकवायला नको होतं.

पावसाळा सुरू झाला की शनिवारी सकाळपासून पुण्याच्या गाड्या लागतात. कोणी नसरापूरला बनेश्वराला, कोणी केतकावळ्याच्या बालाजीला, कोणी भोरच्या राजवाड्यात, कोणी भाटघरच्या पाण्याकडे, कोणी राजगड-तोरण्याला. रविवारी संध्याकाळी त्याच गाड्या परत निघतात आणि खेड-शिवापूरच्या टोलनाक्याकडे जाणारी रांग हलत नाही. गेल्या श्रावणात आमच्या शेजारणीला कळा सुरू झाल्या तेव्हा रविवारच संध्याकाळ होती. गाडी त्या रांगेत पाऊण तास अडकली. सगळं नीट पार पडलं, पण तो पाऊण तास मी विसरत नाही. शेताच्या बांधावर प्लास्टिकच्या प्लेटा असतात. विहिरीत बाटल्या. भाताच्या खाचरात उतरून फोटो काढतात, रोपं तुडवली जातात, आणि विचारलं तर म्हणतात, "काकू, गवतच आहे ना?"

हे मी वर्षानुवर्षं चिडून बोलत आले आहे. आणि बार्सिलोनातल्या त्या जिन्यात, बॅग ओढताना, मी तीच झाले होते. फक्त गाडीचा नंबर वेगळा.

बनेश्वराचंच घ्या. १७४९ मध्ये नानासाहेब पेशव्यांनी बांधलेलं देऊळ. तिथे एक मोठी घंटा आहे, तिच्यावर क्रूस कोरलेला आहे. चिमाजी आप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई जिंकली, त्या स्वारीतली ती. स्पेनच्या शेजारच्या देशाच्या माणसांची, चर्चमधली घंटा आमच्या गावाशेजारच्या शिवालयात. आम्ही जैन असलो तरी पाहुण्यांना घेऊन तिथे जातो. इतक्या वर्षांत त्या घंटेखाली उभं राहून तिच्याकडे नीट बघणारे पर्यटक मला फार थोडे दिसले. वाजवतात आणि पुढे जातात. मी तरी कासवाकडे किती वेळ बघितलं?

आता शास्त्राकडे येते. दिग्व्रताच्या शेजारीच अनर्थदंडव्रत आहे. म्हणजे कारण नसताना होणाऱ्या हिंसेचा त्याग. त्यात प्रमादचर्या नावाचा एक प्रकार आहे. उगाच माती उकरणं, पाणी सांडणं, आग पेटवणं, झाडपाला तोडणं यांच्या जोडीला समंतभद्र आचार्यांनी रत्नकरंडक श्रावकाचारात आणखी दोन गोष्टी घातल्या आहेत, उगाच फिरणं आणि दुसऱ्याला फिरवणं. लहानपणी पाठशाळेत हे पाठ केलं होतं. त्या काळी फिरणं म्हणजे पायी किंवा बैलगाडीने. तरी त्यांना ते हिंसेच्या यादीत घालावंसं वाटलं. दोन दिवसांच्या गमतीसाठी विमानाने जाणं-येणं त्या यादीत कुठे बसेल, ते मी सांगायला नको.

आणि पावसाळ्याचं बघा. आपले मुनी वर्षभर पायी विहार करतात, पण चार महिने एका जागी थांबतात. का? तर पावसात जमिनीवर जीव सगळ्यात जास्त असतात. गवत, किडे, गोगलगाई, शेवाळ, पाऊल टाकायला जागा नसते. नेमके तेच चार महिने आमच्या भोर-वेल्ह्यात सगळ्यात जास्त गर्दीचे. ज्या वेळी चालणाऱ्यानेही थांबायचं, त्या वेळी आपण गाड्या काढून हिरवळ बघायला येतो. यात जैन कुटुंबंही असतात. नवकाराचं स्टिकर लावलेल्या गाड्या मी मोजल्या आहेत.

आणखी एक गोष्ट बोचते. २०२२ च्या शेवटी सम्मेदशिखरजीला पर्यटनस्थळ करू नका म्हणून आपला समाज देशभर रस्त्यावर उतरला होता. आपलं म्हणणं होतं, हे तीर्थ आहे, सहलीची जागा नाही. वीस तीर्थंकरांची निर्वाणभूमी आहे, तिथे दारू, मांस, धिंगाणा नको. जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने तिथल्या पर्यटनाला स्थगिती दिली तेव्हा आम्ही घरात गोड केलं. तो लढा योग्यच होता. पण जे आपल्या डोंगराबद्दल म्हणालो ते दुसऱ्याच्या देवळाबद्दल, दुसऱ्याच्या गल्लीबद्दल, दुसऱ्याच्या शेताबद्दल का म्हणत नाही? आपलं ते तीर्थ आणि दुसऱ्याचं ते पिकनिक स्पॉट, असं कसं चालेल?

यावर माझ्याशी कोण काय बोलेल ते मला माहीत आहे, कारण घरात सगळं बोलून झालं आहे.

मुलगा म्हणाला, "आई, पर्यटक आले नाहीत तर इथल्यांनी खायचं काय?" खरं आहे. आमच्या रस्त्यावर कणसं भाजणाऱ्या बायका आहेत, वडापावच्या गाड्या आहेत, गडाखाली जेवण करून घालणारी घरं आहेत. त्यांचा रविवार गेला तर आठवडा जातो. म्हणून मी कोणी येऊच नका असं म्हणत नाही. पण एका रविवारी हजार गाड्या आणि मंगळवारी एकही नाही, यात कणीस विकणारीचंही भलं नाही. साताऱ्याच्या कास पठारावर फुलांच्या दिवसांत रोज किती माणसं सोडायची ते ठरवून नोंदणी घेतात. त्याने कासला जाणं बंद झालं नाही. सरकारने घातलेली सीमा आपण मानतो, मग स्वतः घालून घेतलेली का जड वाटावी?

लेक म्हणाली, "आई, आम्ही पाच दिवस खुर्चीत बसतो. दोन दिवस जग बघितलं तर काय बिघडलं?" तिचा थकवा मी डोळ्यांनी बघितला आहे, म्हणून हे मला कठीण गेलं. पण त्या रविवारी रात्री म्युनिकच्या विमानतळावर ती खुर्चीत बसल्याबसल्या झोपली होती. सोमवारी सकाळी सातला पुन्हा कामावर. अकरा ठिकाणांतलं तिला काय आठवतं ते मी नंतर विचारलं. म्हणाली, "सगळ्यात छान म्हणजे तू फ्लॅटमध्ये दशम्या गरम केल्यास आणि आपण गॅलरीत बसून खाल्ल्या ते." त्याला बार्सिलोना लागत नव्हतं.

आता माझ्यासमोरचा खरा प्रश्न सांगते, ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले.

आमच्या जुन्या घराच्या मागच्या अंगाला दोन खोल्या आहेत. जागा माझ्या नावावर आहे. चार वर्षांपासून तिथे एक कुटुंब भाड्याने राहतं. तो शिरवळला कंपनीत जातो, ती दवाखान्यात परिचारिका आहे, मुलगी दुसरीत. भाडं महिन्याला साडेचार हजार. मुलाचं म्हणणं, खोल्या रिकाम्या करून घेऊ, थोडा खर्च करू आणि शनिवार-रविवारचा होमस्टे काढू. ११ जुलै २०२५ ला राजगडाला आणखी अकरा किल्ल्यांबरोबर जागतिक वारशाचा मान मिळाला. आपल्या सगळ्यांच्या अभिमानाची गोष्ट. मुलाने त्याच रात्री हिशेब मांडला. आता परदेशचेही लोक येतील, महिन्याचं भाडं एका शनिवारी सुटेल. त्याचा हिशेब चुकीचा नाही. हे म्हणाले, "जागा तुझी, तू ठरव."

मी जर्मनीला गेले नसते तर बहुतेक हो म्हटलं असतं. पैसे कोणाला नकोत? घराचं छत गळतं, मुलाचं लग्न करायचं आहे. पण प्रत्येक वेळी मला तो जिना आठवतो. ती मुलगी दुसरीतून शाळा बदलून कुठे जाईल? आमच्या भागात कुटुंबाला साडेचार हजारांत दोन खोल्या आता मिळत नाहीत, कारण माझ्यासारख्याच चार जणींनी आधी होमस्टे काढले आहेत. बार्सिलोनात १०,१०१ घरं एका दिवसात नाही गेली. एकेका घरमालकाने एकेकदा हिशेब मांडला असेल, आणि तोही चुकीचा नसेल.

शिवाय प्रमादचर्येत दुसऱ्याला फिरवणंही आहे, हे आता विसरता येत नाही. आमच्या खोलीत येणारा रात्री काय पिईल, काय भाजेल, याची जबाबदारी माझीच. पाटीवर शुद्ध शाकाहारी लिहून ती टळत नाही.

मी नाही म्हटलं. मुलगा दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "तुम्ही विमानाने बार्सिलोनाला जाऊन आलात आणि आता आम्हाला व्रत शिकवता." हे त्याचं बोलणं खरं आहे, आणि मी ते गिळलं. खाऊन झाल्यावर उपवास सांगणारी मीच. एवढंच म्हणू शकले की चूक ज्याने केली त्यालाच ती कुठे दुखते ते कळतं. प्रतिक्रमण करायचं ते त्यासाठीच.

दिग्व्रताचे जे अतिचार सांगितले आहेत त्यात क्षेत्रवृद्धी आहे. म्हणजे लोभापायी ठरलेली सीमा वाढवणं. आणि स्मृत्यंतराधान आहे, म्हणजे सीमा घेतली होती हेच विसरून जाणं. सासूबाई म्हणतात, दुसरा जास्त वाईट. वाढवणाऱ्याला निदान माहीत असतं की आपण वाढवतोय. आपण तर सीमा घेतलेलीच नाही, मग विसरणार काय?

म्हणून या पर्युषणात मी माझ्यापुरतं ठरवलं ते लिहून ठेवते. जन्मभराचं दिग्व्रत घ्यायची ताकद अजून नाही, लेक परदेशात आहे. म्हणून वर्षावर्षाचं घेते. लांबचा प्रवास वर्षातून एकच, आणि तोही माणसाला भेटायला किंवा वंदनेला. दोन दिवसांसाठी विमान नाही. जिथे जाईन तिथे एका दिवसात एकच ठिकाण, आणि बसायला वेळ. कोणाच्या राहत्या इमारतीत पर्यटक म्हणून उतरायचं नाही. चातुर्मासात गड, धबधबा, पठार नाही. कोणी पाहुणे आले तर त्यांना मधल्या वारी घेऊन जायचं आणि जेवण गावातल्या बाईच्या हातचं विकत घ्यायचं.

तुम्हाला हेच जमेल असं नाही. कोणाची नोकरी फिरतीची असेल, कोणाला लहान मुलं असतील. पण निघायच्या आधी सीमा ठरवा, मग ती कितीही मोठी असो. ठरवली की निदान कळतं, आपण कुठे ओलांडतोय.

परवा भाडेकरणीची मुलगी अंगणात आली होती. सासूबाई तिला फोटो दाखवायला सांगत होत्या. तिला खांबाखालचं कासव आवडलं. विचारलं, "हे एवढं ओझं घेऊन चालतं कसं?" सासूबाई म्हणाल्या, "ते चालत नाही बाळा, ते थांबलंय."

लेक दिवाळीला येणार आहे. तिला बनेश्वरला नेईन, मंगळवारी, आणि ती घंटा नीट बघू.

जय जिनेंद्र.